दुसऱ्याच्या आवाजातला राजा

मैत्रेयीच्या सिनेमात राजाचं काम कोण करणार, हा प्रश्न कधी पडलाच नाही, कारण राजा घरातच होता. वरच्या मजल्यावर वॉशरूमशेजारच्या खोलीत राहत होता, सकाळी सहाला उठून सगळ्यांच्या आधी ड्राइव्हवेवरचं बर्फ फावड्याने उपसायला घेत होता, आणि "बाबा, तुम्ही कशाला?" असं जावयाने म्हटलं की त्याच्याकडे अशा नजरेने बघत होता, की जावई गपचूप हातमोजे चढवून बाहेर येई.

राजाचं खरं नाव दिलीप टेंबे. मैत्रेयीचे आबा, म्हणजे तिच्या आईचे वडील. १९६९ साली ते कॅनडातल्या विंडसरला आले, तिथल्या मोटारींच्या कारखान्यात तीस वर्षं साचे आणि हत्यारं डिझाइन करत राहिले, आणि दर दिवाळीला तिथल्या मराठी मंडळाच्या नाटकात राजा झाले. कधी सेनापती, कधी प्रधान, पण बहुतेक वेळा राजाच. कारण आवाज. विंडसरच्या मंडळात माइक लागायचा तो बाकीच्या नटांना. आजी गेल्यावर ते ब्रॅम्पटनला मुलीकडे राहायला आले, आणि इथल्या मंडळानेही पहिल्याच गणपतीत त्यांचा आवाज ओळखून त्यांच्या हातात अनाउन्समेंटचा कागद दिला. "निळ्या मिनीव्हॅनचे मालक, आपले दिवे चालू आहेत" हे वाक्य आबा असं म्हणत, की मालक नसलेली माणसंही उठून उभी राहत.

आता मैत्रेयीचं सांगायला हवं. ग्रेड नाइनपर्यंत ही मुलगी वर्गात हजेरीपुरतीसुद्धा तोंड उघडत नव्हती. ग्रेड इलेव्हनला मीडिया आर्ट्स घेतलं, हातात कॅमेरा आला, आणि तिचं काय झालं कुणास ठाऊक. ती बोलायला लागली. आणि बोलायला लागली ती थांबेचना. ती जोक करायची आणि लोक हसायचे, ती "कट" म्हणायची आणि वर्गातला सहा फुटी ब्रेडन जागच्या जागी थांबायचा. सोळाव्या वर्षी माणसाला ह्याहून जास्त काय हवं असतं? २०१७ च्या जानेवारीत त्यांचे शिक्षक मिस्टर कॅलहन ह्यांनी फायनल प्रोजेक्टचा विषय दिला, 'एक जुनी दंतकथा, नव्या डोळ्यांनी', तेव्हा बाकीचे गूगल करत बसले आणि मैत्रेयीने त्याच रात्री आख्खी स्क्रिप्ट लिहून काढली.

गोष्ट मध्ययुगातली होती. एक म्हातारा राजा, एक त्याचा लाडका सरदार. राजाचं लग्न नदीपलीकडच्या गढीतल्या मुलीशी ठरलेलं. राजा सरदाराला सांगतो, नदी गोठली की बर्फावरून जा आणि वधूला घेऊन ये. सरदार जातो. परतीच्या वाटेवर बर्फात तीन दिवस दोघं एकटी, आणि व्हायचं ते होतं. राजाला कळतं. कायद्याप्रमाणे दोघांचं डोकं उडवायचं. राजा तलवार घेऊन नदीकाठी येतो, त्यांच्याकडे बघतो आणि म्हणतो, "जा. बर्फ तुमचं वजन पेलतंय तोवर जा. उद्या मी पुन्हा राजा असेन." संपलं. मैत्रेयीला स्वतःचीच ही शेवटची ओळ वाचून रडू आलं होतं.

सरदार झाला ब्रेडन, कारण त्याला घोड्यावर बसता येत होतं. (घोडा शेवटपर्यंत मिळाला नाही तो भाग वेगळा.) वधू झाली हरलीन, मैत्रेयीची सगळ्यात जवळची मैत्रीण. चुंबन स्क्रिप्टमध्ये होतं, पण शूटिंगला साउंडसाठी माइकची काठी धरायला हरलीनची मम्मी स्वतः आली, त्यामुळे सरदार आणि वधू कपाळाला कपाळ टेकवून उभी राहिली, आणि ते चुंबनापेक्षा छान दिसलं.

आणि राजा. आबांनी कामाला होकार दिला तो असा: "बघू. स्क्रिप्ट दे. आवडली तर करीन." दोन तासांनी स्क्रिप्ट परत आली ती समासात पेन्सिलने श्वासाच्या खुणा करून. मग ते बेसमेंटमध्ये गेले आणि घर तापवणाऱ्या भट्टीच्या पाइपसाठी आणलेला पत्रा कापून त्यांनी मुकुट केला. टोकं घासून गोल केलेली, आतून फोम लावलेला, डोक्याच्या मापाला पक्का. झगा मात्र त्यांनी विंडसरच्या जुन्या सूटकेसमधून काढला. जांभळा मखमली, जरीचे काठ.

"आबा, हा इंग्लंडचा किंग आहे. ह्यात तुम्ही पेशवे दिसताय."

"मग उलटा घालतो." आणि त्यांनी खरंच झगा आतून बाहेर केला. अस्तर राखाडी होतं. इतकं सुंदर मध्ययुगीन दिसलं, की मैत्रेयीने त्यांना मिठी मारली.

शेवटचा सीन फेब्रुवारीत, घरामागच्या ओढ्यावर शूट झाला. तापमान उणे बारा. आबांचे त्या सीनचे अकरा टेक झाले. एकदा ब्रेडन हसला, दोनदा विमान गेलं, एकदा कुणाचा तरी कुत्रा आला, आणि उरलेले मैत्रेयीला "अजून एक, प्लीज" हवे होते म्हणून. आबा दर वेळी काठावरच्या त्याच खुणेवर परत जाऊन उभे राहिले. संजय, म्हणजे मैत्रेयीचे बाबा, थर्मास घेऊन मागे उभे होते. ते एकदा म्हणाले, "बाबा, बास आता." आबा म्हणाले, "दिग्दर्शकाला विचारा."

इथपर्यंत सगळं सोन्यासारखं होतं.

एप्रिलमध्ये मैत्रेयीने कच्चा कट वर्गात दाखवला. तिच्या वर्गात निम्म्याहून जास्त मुलांचे आजी-आजोबा पंजाब, गुजरात, जाफना, लाहोर असे कुठूनकुठून आलेले. म्हणजे आबांसारखं इंग्रजी त्या मुलांनी पाळण्यात ऐकलेलं. पडद्यावर राजा आला. राखाडी झगा, चमकता मुकुट, मागे पांढरी नदी. वर्ग गप्प झाला. राजाने तोंड उघडलं आणि पहिलं वाक्य म्हटलं.

मागच्या रांगेतून ऋषी म्हणाला, "हा आता विचारणार, सर, तुम्ही कॉम्प्युटर रिस्टार्ट करून पाहिलात का?"

वर्ग फुटला. ऋषीचे स्वतःचे आजोबा अगदी तसेच बोलत होते, सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून तर जास्त हसू आलं. कुणी डोकं बेंचवर टेकवलं, कुणी कस्टमर केअरची नक्कल सुरू केली. आणि लॅपटॉपशेजारी उभी असलेली मैत्रेयी? तीही हसली. नुसती हसली नाही, सगळ्यांत मोठ्याने हसली, हात उडवत, जणू हा जोक तिलाच आधी सुचला होता. मग ती म्हणाली, "रिलॅक्स, गाइज. हा आवाज टेम्पररी आहे. फायनलमध्ये चेंज करतोय आम्ही."

हे वाक्य म्हणायच्या एक सेकंद आधीपर्यंत तिला ते माहीतही नव्हतं.

बेल झाल्यावर हरलीनने तिला लॉकरपाशी गाठलं. "तू सीरियस आहेस?"

"म्हणजे, इट मेक्स सेन्स. ब्रिटिश किंग आहे."

"मी ब्रिटिश राणी आहे का?" हरलीन म्हणाली. "अकरा टेक दिले त्यांनी. माझी मम्मी अजून त्या थंडीचं बोलते."

मैत्रेयी काहीतरी बोलली. काय, ते तिला नंतर आठवेना. पण शब्द दिला गेला होता, अख्ख्या वर्गासमोर, आणि मागे घ्यायचा तर त्याच वर्गासमोर उभं राहून सांगावं लागलं असतं, की तो माझ्या आबांचा आवाज आहे आणि तो तसाच राहणार. ते धाडस तिच्यात नव्हतं. तिचा सगळा नवा आत्मविश्वास लोक तिच्याबरोबर हसतात ह्यावर उभा होता.

ब्रेडनचे काका हॉकीच्या मॅचला अनाउन्सर होते. ते एका दुपारी कॉफीचा कप घेऊन शाळेच्या साउंड रूममध्ये आले, हेडफोन लावले, आबांच्या ओठांकडे बघत सगळी वाक्यं चाळीस मिनिटांत म्हणून मोकळे झाले. आवाज जाड रजईसारखा. ओठ तर इतके जुळले, की मिस्टर कॅलहननी टाळी वाजवली. मैत्रेयीनेही वाजवली. मग ती वॉशरूममध्ये जाऊन हात धूत बसली, कितीतरी वेळ, काही लागलेलं नसताना.

घरी आबा विचारत, "एडिटिंग कुठवर आलं?"

"ऑलमोस्ट डन."

"माझा शेवटचा सीन ठेवलास ना? का कापलास?"

"ठेवलाय, आबा."

हे खोटं नव्हतं. तेच वाईट होतं.

सांगून टाकावं असं तिने तीनदा तरी ठरवलं. एकदा जेवताना तोंड उघडलं, तर आई म्हणाली, "भात वाढू?" एकदा ती त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत गेली, तर ते मंडळातल्या शशिकांत आजोबांशी फोनवर बोलत होते, आणि बोलत होते ते सिनेमाबद्दलच. मे महिन्यात शाळेची ईमेल आली, जूनमधल्या एका शनिवारी दुपारी दोनला शाळेच्या हॉलमध्ये सगळे सिनेमे दाखवणार, कुटुंबीयांचं स्वागत आहे. आबांनी ती ईमेल प्रिंट केली, फोटो काढला आणि मंडळाच्या ज्येष्ठांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'आग्रहाचे निमंत्रण' म्हणून टाकली. कुटुंबीय म्हणजे किती, असा प्रश्न कुठल्याही मराठी मंडळाला पडत नाही.

"तिकडे पार्किंग नसतं आबा, फारसं," मैत्रेयी म्हणाली.

"शनिवारी शाळेत पार्किंग नसतं?"

"आणि तीन मिनिटांचा रोल आहे तुमचा. सगळे एवढ्या लांबून येणार."

"बाजूचं मिसिसागा लांब आहे?" आबांनी चष्मा काढून तिच्याकडे बघितलं. "एकोणीस वर्षांनी काम केलंय मी. आजीनंतर पहिल्यांदा. येऊ देत की त्यांना."



ज्येष्ठ मंडळी दोन मिनीव्हॅनमधून आली, नऊ जण, कार्यक्रमाच्या पाऊण तास आधी. वनिता आजी रेशमी साडीत, पायात स्निकर्स. विश्वनाथ आजोबा टायमध्ये. एका पिशवीत बटाटेवडे, एका पिशवीत चटणी आणि पेपर प्लेट्स, आणि तिसरी एक पिशवी वनिता आजींनी मांडीवरून खाली ठेवली नाही. सगळे पहिल्या रांगेत बसले. आबा मधोमध. त्यांनी जुना नेव्ही ब्लू सूट घातला होता आणि केस कापून घेतले होते, त्यामुळे कानामागचं ऐकायचं मशीन उघडं दिसत होतं.

"दिग्दर्शक बाई," शशिकांत आजोबा हॉलच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं म्हणाले, "आमच्या हिरोला मानधन किती दिलंत?"

"वडे आपले आपणच आणलेत म्हणजे मानधन नाही," वनिता आजी म्हणाल्या, आणि सगळे हसले. आबासुद्धा. 

सिनेमा सुरू झाला. बर्फ, सरदार, गढी म्हणून दाखवलेलं लायब्ररीचं मागचं दार. नवव्या मिनिटाला राजा आला. पहिल्या रांगेत कुजबुज झाली, "आले, आले." विश्वनाथ आजोबांनी आबांच्या गुडघ्यावर थाप मारली.

राजाने तोंड उघडलं आणि हॉकीचा अनाउन्सर बोलला.

मैत्रेयी बाजूच्या भिंतीला टेकून उभी होती. तिला पडद्याकडे बघायचं नव्हतं म्हणून तिने आबांकडे बघितलं, आणि ते जास्त वाईट ठरलं. आबांचा हात कानाकडे गेला. त्यांनी मशीन काढलं, तळहातावर घेऊन बघितलं, फुंकर मारली, पुन्हा कानात घातलं. मग ऐकलं. मग पुन्हा एकदा बोटाने दाबून बघितलं. त्यांना वाटलं, बिघाड आपल्याच कानात आहे.

"आवाज का बदललाय हो?" वनिता आजींची कुजबुज.

"माइकचा प्रॉब्लेम असेल," विश्वनाथ आजोबा.

"माइकने माणूस गोरा होतो का?"

"शू," शशिकांत आजोबा म्हणाले. त्यांना कळलं होतं. हळूहळू सगळ्या रांगेला कळलं. नऊ माणसं, ज्यांना तो आवाज गर्दीत पाठ फिरवलेली असतानाही ओळखू आला असता, ती सगळी पुढे बघत राहिली. कुणी शेजाऱ्याकडे वळेना. आबांनी हात मांडीवर ठेवले आणि सिनेमा शेवटपर्यंत ताठ बसून बघितला. शेवटचं वाक्य आलं. दोनशे माणसांच्या हॉलमध्ये कुणाचातरी हुंदका ऐकू आला. टाळ्या खूप वाजल्या, इतक्या, की आधीच्या एकाही सिनेमाला वाजल्या नव्हत्या. मैत्रेयीने सहा महिने ह्याच टाळ्यांचं स्वप्न बघितलं होतं. आता एकेक टाळी तिच्या कानशिलावर बसत होती.

मिस्टर कॅलहन आनंदात स्टेजवर आले. म्हणाले, आपल्याकडे काही खास पाहुणे आहेत आणि त्यांना दिग्दर्शिकेला काही द्यायचंय. वनिता आजींनी आधीच सांगून ठेवलं होतं. ती तिसरी पिशवी. तिच्यात शाल आणि नारळ होता. एकोणीस वर्षांनी आमच्या माणसाला परत उभं केलंस म्हणून मंडळातर्फे सत्कार.

वनिता आजींचा हात पिशवीत गेला आणि तिथेच राहिला. शाल काढावी की नाही? त्यांनी आबांकडे बघितलं. आबांनी मान हलवली, काढा. ते स्वतः उठले, वनिता आजींना हात देऊन स्टेजवर घेऊन गेले. मैत्रेयीला जावंच लागलं. शाल आबांनीच तिच्या खांद्यावर घातली, काठ सारखे केले. नारळ तिच्या हातात दिला. त्यांचे हात गार होते. 

"युअर मॅजेस्टी," मिस्टर कॅलहन, आवाज बदललाय हे विसरून, माइक पुढे करत म्हणाले, "दोन शब्द आमच्यासाठी?"

आबा हसले. त्यांनी गळ्याला हात लावला, मान हलवली. घसा बसलाय. मग हात जोडले. हॉलमध्ये सगळ्यांनी 'ओह' केलं, किती गोड आजोबा. पहिल्या रांगेत शशिकांत आजोबांनी मान खाली घातली. मघाशी ह्याच माणसाने पार्किंगपासून हॉलच्या दारापर्यंत नाटकातली पदं म्हटली होती.

मैत्रेयीला तेव्हा कळलं ते काय करत आहेत. तिचा सिनेमा सांभाळत होते. तोंड उघडलं तर दोनशे माणसांना कळेल की आवाज ह्यांचा नाही, म्हणून ते मुके झाले होते. नारळ तिच्या हातात इतका जड झाला, की तो खाली ठेवावा की धरावा हे सुचेना. तिने मिस्टर कॅलहनच्या हातातून माइक घेतला.

"त्यांचा घसा ठीक आहे," ती इंग्रजीत म्हणाली. "सिनेमात आवाज त्यांचा नाहीये. मी काढून टाकला. वर्गात आम्ही त्यांच्या अ‍ॅक्सेंटला हसलो म्हणून. मीसुद्धा हसले."

 आबा तिच्या कानाशी, ओठ न हलवता म्हणाले, "गप्प बस." पण बोलून झालं होतं. ऋषी मागे कुठेतरी आपल्या आजोबांच्या शेजारी बसलेला होता, तो फोनमध्ये बघायला लागला. ब्रेडनचे काका अर्धवट उठले आणि पुन्हा बसले. कुणीतरी टाळी वाजवायला सुरुवात केली, त्याला कुणी साथ दिली नाही. मिस्टर कॅलहन "थँक यू फॉर शेअरिंग दॅट" म्हणाले आणि पुढच्या सिनेमाचं नाव पुकारलं.

मैत्रेयीला वाटलं होतं, सांगितलं की हलकं वाटेल. एखाद मिनिट वाटलंही.

पार्किंगमध्ये ज्येष्ठ मंडळी मिनीव्हॅनच्या मागच्या दाराशी बटाटेवडे प्लेटमध्ये काढत होती, कारण आणलेले वडे परत न्यायचे कसे?  आबा थोडे लांब उभे होते. मैत्रेयी शाल घडी करून हातात घेऊन त्यांच्याकडे गेली.

"आबा, आय अ‍ॅम सो सॉरी."

"हे कुणासाठी सांगितलंस तू आत?"

"तुमच्यासाठी."

"माझ्यासाठी? मी सांगितलं होतं?" त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "आवाज माझा नाही, हे नऊ जणांना कळलं होतं. आणि ते नऊ माझे होते. त्यांनी उद्या विषयसुद्धा काढला नसता. आता दोनशे लोकांना माहीत झालं, की ह्या म्हाताऱ्याने तोंड उघडलं की पोरं हसतात. मी जाताना ते माझ्याकडे कसे बघत होते बघितलंस? दार धरून उभे होते. दार मला उघडता येतं."

 मैत्रेयीला आपण स्टेजवर मोठं काहीतरी केलं असं वाटलं होतं, आणि आता दिसत होतं की तिने तेही स्वतःसाठीच केलं. छातीवरचं ओझं उतरवायचं होतं, ते तिने उतरवलं, आणि ठेवलं कुठे तर आबांच्या डोक्यावर, चारचौघांत.

"तू आईबरोबर जा," आबा म्हणाले. "मी शशिकांतबरोबर येतो."

आबा घरी आले तेव्हा सहा वाजले होते, बाहेर लख्ख ऊन होतं. नीरजा, मैत्रेयीची आई, गॅसपाशी उभी राहून आमटीला फोडणी देत होती. गाडीतून येताना तिने मुलीला एवढंच म्हटलं होतं, "मला तरी सांगायचंस." आबांनी सूटचा कोट खुर्चीला अडकवला, हात धुतले, किचन टेबलाशी बसले.

"लाव," ते म्हणाले.

"काय?"

"माझ्या आवाजातला. आहे ना? का पुसून टाकलास?"

तो होता. मैत्रेयीने लॅपटॉप आणला, कच्चा कट शोधला, शेवटच्या सीनवर नेला. प्ले दाबलं. ओढा, बर्फ, राखाडी झगा. आणि आबांचा आवाज किचनभर झाला. आबा पुढे झुकून बघत होते, कारखान्यात एखादा नवीन सुटा भाग हातात घेऊन बघावा तसे.

"परत."

तिने परत लावलं.

"हं." ते मागे टेकले. "ओरडतोय मी. बघ ना, कॅमेरा हातभर अंतरावर, आणि मी शेवटच्या रांगेसाठी बोलतोय. ती पोरगी बिचारी समोर उभी आहे आणि मी जणू कोर्टात फिर्याद मांडतोय." त्यांनी बोटाने पडदा दाखवला. "अकरा टेक घेतलेस. एकदासुद्धा म्हणाली नाहीस, आबा, आवाज खाली आणा. का नाही म्हणालीस?"

"मला… तुम्हाला कसं सांगणार? तुम्ही एवढी नाटकं केलीत."

"तेच तर दिग्दर्शकाचं काम. विंडसरला एका बाईंनी मला सबंध हॉलसमोर सांगितलं होतं, टेंबे, तुम्ही राजा नाही, भाजीवाले वाटताय. मी सुधारलो. तूही म्हणायचंस, आबा, नाही जमत, दुसरा आवाज घेतेय. वाईट वाटलं असतं. दोन दिवस बोललो नसतो. पण मी त्या सूटमध्ये तिथे जाऊन बसलो नसतो."

मैत्रेयी टेबलाच्या कडेकडे बघत राहिली.  मग आबा वेगळ्याच, जरा सैल आवाजात म्हणाले, "पोरं ह्यालाच हसली असतील ना? ओरडण्याला? कुणीही हसेल. मीसुद्धा हसलो असतो."

नीरजाने गॅसपासून मान वळवली. तिच्या डोळ्यांत अगदी स्पष्ट होतं: हो म्हण. म्हणून टाक आणि संपव. मैत्रेयीलाही ते दिसत होतं. एक 'हो' म्हणायचं होतं फक्त, आणि आबांना तो अपमान नटाची चूक म्हणून खिशात घालून जगता आलं असतं. स्टेजवर ती अ‍ॅक्सेंट म्हणाली होती खरी, पण तो शब्द मागे घ्यायची वाट ते स्वतः तिला दाखवत होते.

"नाही, आबा," ती म्हणाली. ती मराठीत बोलत होती, अडखळत, कारण असलं काही ती मराठीत कधी बोलली नव्हती. "ओरडण्याला नाही. तुमच्या बोलण्याला. तुम्ही जसं इंग्रजी बोलता त्याला. एक मुलगा म्हणाला…"

"काय म्हणाला?"

तिने ऋषीचा जोक सांगितला. सगळा, शब्द न शब्द. किचनमध्ये तो जोक अजिबात विनोदी वाटला नाही.

"आणि तू?"

"मी सगळ्यांत मोठ्याने हसले."

नीरजाने गॅस बंद केला. आबा लॅपटॉपच्या पडद्याकडे बघत होते. तिथे राजा तोंड अर्धवट उघडं ठेवून थांबला होता.

"ओरडणं कमी करता आलं असतं," ते शेवटी म्हणाले. "हे नाही."

 मैत्रेयीला वाटलं, आता आपण उठावं, वर आपल्या खोलीत जावं, दार लावावं, रडावं. तिने खुर्ची मागे सारली.

"चहा टाकते," ती म्हणाली.

"आई टाकेल. तू बस."

"आबा…"

"बस म्हटलं ना."

ती बसली. आबांनी तिच्याकडे बघितलं नाही, तिला काही विचारलं नाही, आणि जाऊही दिलं नाही. चहा आला, दोघांपुढे एकेक कप. मैत्रेयीने मान वर केली नाही, पण ती उठलीही नाही.